रुंद टायर, अरुंद चाक

नागपुरातून बाहेर पडणाऱ्या मोटारीला एकाच दिवसात जितक्या परस्परविरुद्ध स्वभावाच्या भूमीवरून जावे लागते, तितके महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शहराच्या मोटारीला जावे लागत नसावे, अशी माझी पुष्कळ दिवसांची समजूत आहे. हिंगणा तालुक्यातील शिवमडक्यापाशी समृद्धी महामार्ग सुरू होतो आणि तेथून ठाणे जिल्ह्यातील आमणे गावापर्यंत ७०१ किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा पट्टा, लहान मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देऊन, पसरलेला आहे. उत्तरेकडे मनसर ओलांडून पेंचच्या सिल्लारी किंवा चोरबाहुलीच्या प्रवेशद्वारांशी पोचले की मुरमाच्या आणि गोट्यांच्या जंगलवाटा लागतात. आणि आग्नेयेस उमरेडच्या बाजूला कापूस, सोयाबीन व तूर यांच्या शेतांमधून गेलेल्या पांदण रस्त्यांवर, मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यानंतर, जी काळी माती चाकाला बिलगते तिच्यापुढे बैलजोडीचेही काही चालत नाही. सकाळी काँक्रीट, दुपारी मुरूम आणि सायंकाळी चिखल असा ज्या मोटारीचा दिनक्रम, तिला टायर कोणते असावेत हा प्रश्न म्हणूनच येथे हौसेचा राहत नाही. तो गरजेचा होतो, आणि पुष्कळदा जिवाचाही होतो.

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडील तरुण मोटारमालकांनी अलीकडे एका ठराविक दिशेने शोधलेले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचे उत्पादन केव्हाच थांबले असले, तरी ताडोबा, पेंच आणि कऱ्हांडला येथे वाघ पाहण्यास येणारा प्रवासी आजही तिच्याच उघड्या पाठीवर बसून जंगलात शिरतो. आणि तिच्याच घराण्यातील जिम्नी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीस आल्यापासून, ज्यांना कच्च्या वाटेची आवड आहे किंवा ज्यांची शेतीच कच्च्या वाटेवर आहे, अशा नागपूरकरांनी ती हौसेने घेतली. या गाडीला कारखान्यातून १९५/८० आर १५ या मापाचे टायर आणि साडेपाच इंच रुंदीची रिम मिळते. चौकोनी, ताठ बांध्याच्या त्या गाडीखाली हे टायर कित्येकांना बारीक दिसतात. मग मालक टायरच्या दुकानात जातो, २३५/७५ आर १५ या मापाचे, खोल खाचांचे आणि मोठमोठ्या गुट्ट्यांचे चिखलातले टायर पसंत करतो, आणि नव्या रिमांचा खर्च वाचविण्यासाठी ते टायर जुन्याच रिमांवर चढवून घेतो. टायर चढतो, हवा धरतो, गाडी उंच व रुबाबदार दिसू लागते. आणि आपण काही चुकीचे केले आहे अशी शंकाही त्या मालकाच्या मनाला शिवत नाही, कारण दुकानातील कोणीही त्याला रिमची रुंदी विचारलेली नसते.

अमरावती रस्त्यावर वाडीच्या बाजूला, जेथे मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस चालू असते, तेथील एका दुकानात हे काम मी जवळ उभे राहून पाहिले. गाडी एका तरुण शेतकऱ्याची होती. मिस्त्री त्याच्या वडिलांच्या वयाचे. चारही चाके उतरवून झाल्यावर त्यांनी जुना टायर यंत्रावर सोडविला, रिमच्या दोन्ही कडा तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ केल्या, नव्या टायरच्या काठांना साबणाचे पाणी लावले आणि यंत्राच्या पोलादी बोटाखाली रिम फिरवीत फिरवीत टायरचा एक काठ, मग दुसरा काठ आत सरकविला. हवेची नळी लावताच टायर हळूहळू फुगला, आणि एकामागून एक असे दोन मोठे आवाज झाले. आतला आणि बाहेरचा काठ आपापल्या जागी बसल्याची ती खूण. ही जागा घेण्यासाठी ४० पौंडांपेक्षा अधिक दाब कधीही देऊ नये, असे टायर बनविणारे कारखाने बजावून सांगतात, आणि मिस्त्रींची नजर त्या क्षणी दाबाच्या काट्यावरून हलली नाही. चाक गाडीला लावून जमिनीवर टेकविले तेव्हा मात्र ते म्हणाले, "चढते जी, चढत नाही असं नाही. पन रिमच्या पोटात साडेपाच इंच जागा हाय, अन् हा टायर साडेसहा मागून राहिला. मंग तो वरून फुगन नाही तं काय करन?"

"काका, सारेच पोरं लावून राहिले," तरुण म्हणाला. "कोनाचं काय बिघडलं?"

"एका दिवसात काही बिघडत नाही रे बापा. दोन पावसाळे जाऊ दे, मंग टायर पाहजो."

त्यानंतर त्यांनी जे केले ते प्रत्येक मोटारमालकाने एकदा तरी करून पाहावे असे आहे. कारखान्याने त्या गाडीसाठी सांगितलेला दाब भरून त्यांनी टायरच्या पृष्ठभागावर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, खडूची जाड आडवी रेघ ओढली आणि गाडी दुकानासमोरच्या सपाट काँक्रीटवरून थोडीशी सरळ पुढे नेली. परत येऊन पाहिले तो मधल्या गुट्ट्यांवरचा खडू साफ पुसला गेला होता आणि दोन्ही खांद्यांवरचे गुट्टे जसेच्या तसे पांढरे होते. रुंदीसाठी ज्या टायरला दाम मोजले त्याच्या रुंदीचा दोन्ही बाजूंचा भाग जमिनीला लागतच नव्हता. हा पुरावा इतका प्रत्यक्ष होता की त्यावर वाद घालण्यास जागा उरली नाही, आणि तो तरुण बराच वेळ त्या रेघेकडे पाहत उभा राहिला.

यामागील कारण समजून घ्यावयाचे तर टायरच्या अंगावरचे आकडे नीट वाचावे लागतात. २३५/७५ आर १५ यातील २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे त्या रुंदीच्या प्रमाणात टायरच्या भिंतीच्या उंचीचे शतमान, ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. पण २३५ ही रुंदी कोठे मोजलेली? टायर हवेत लोंबकळत ठेवून ती मोजता येत नाही; प्रत्येक मापाच्या टायरसाठी एक प्रमाण-रिम ठरलेली असते, तिच्यावर तो चढवून ठराविक दाबाची हवा भरल्यावर जी रुंदी येते तीच त्याची जाहीर रुंदी. २३५/७५ आर १५ ची प्रमाण-रिम साडेसहा इंचांची आहे, आणि ६ पासून ८ इंचांपर्यंतच्या रिमा त्याला मान्य आहेत. रिम अर्ध्या इंचाने अरुंद केली की टायर सुमारे ५ मिलिमीटरने आकसतो, हा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे साडेपाच इंचांच्या रिमवर हा टायर २२५ मिलिमीटरच्याच आसपास उरतो. दहा मिलिमीटर गेले, याचे दुःख फारसे नाही. दुःख त्याचे आहे की काठांना आत ओढून घेतल्यामुळे भिंती बाहेर फुगतात, त्यांचा पाया अरुंद होतो, पृष्ठभागाची पाठ कमानीसारखी वर येते, आणि ज्या पोलादी पट्ट्यांच्या आधाराने रेडियल टायर जमिनीवर सपाट राहतो त्या पट्ट्यांना आपले काम वाकलेल्या अवस्थेत करावे लागते.

प्रमाणाचा विचार केला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. जिम्नीच्या मूळच्या १९५ मिलिमीटर टायरशी या रिमचे गुणोत्तर ०.७२ पडते. तीच रिम २१५/७५ आर १५ ला लावली तर ते ०.६५ होते, आणि साडेपाच ते सात इंच ही त्या टायरची मान्य मर्यादा असल्यामुळे तो तेथे अगदी उंबरठ्यावर, तथापि उंबरठ्याच्या आत बसतो. २३५ ला लावली की गुणोत्तर ०.५९ वर घसरते. या उंच भिंतींच्या टायरांच्या बाबतीत मान्य रिमांच्या किमान मर्यादा बहुधा ०.६५ च्या आसपास येऊन थांबतात, हे कोष्टके चाळणाऱ्याच्या सहज लक्षात येईल. आणि ही मर्यादा कोणा कारकुनाने लहरीखातर आखलेली नाही. टायरवर छापलेला भार-निर्देशांक आणि वेगाचे अक्षर ही दोन्ही वचने कारखाना मान्य रिमच्या अटीवरच देतो. त्या मर्यादेबाहेर पाऊल पडले की १०५ या निर्देशांकाचे ९२५ किलो आणि ‘क्यू’ या अक्षराचे ताशी १६० किलोमीटर हे दोन्ही आकडे रबरावर कोरलेले राहतात खरे, पण त्यांच्यामागे उभे राहणारे कोणी उरत नाही.

येथे एका व्यावहारिक घोटाळ्याचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ मालक रिमची रुंदी स्वतः टेपने मोजतात आणि ती साडेसहा इंच भरल्याचे शपथेवर सांगतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांनी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलेले असते, आणि खरी रुंदी तर दोन्ही कडांच्या आतल्या भिंतींमधील असते, जेथे टायरचे काठ टेकतात. या दोन मापांत सुमारे एक इंचाचा फरक पडतो. त्यापेक्षा चाक उलटे करून आतल्या बाजूस ठोकलेला ‘१५ × ५½ जे’ असा आकडा वाचावा; त्यातील ‘जे’ हे अक्षर रिमच्या कडेचा आकार सांगते, आणि त्या कडेची उंची सुमारे साडेसतरा मिलिमीटर असते.

अरुंद चाक हे स्वतः दोषी आहे, असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात ज्या विलीस जीपने चिखल, वाळू आणि बर्फ तुडविले, तिचे टायर ६.००-१६ या मापाचे आणि रिम अवघी साडेचार इंच रुंदीची होती. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप हेच कित्येक खेड्यांना झालेले सरकारचे पहिले चालते दर्शन ठरले. तेव्हा बारमाही रस्ता हा अपवाद होता. तरीही त्या बारीक, उंच चाकांनी भर पावसाळ्यात सारा इलाखा पालथा घातला, कारण टायर आणि रिम ही दोन्ही एकाच हिशोबाने अरुंद होती. साडेचाराला सहा, म्हणजे पाऊण, हे त्यांचे गुणोत्तर होते.

त्याही आधीचा वारसा आमच्या बंडीचा आहे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम ज्यांनी गावात पाहिले असेल त्यांना स्मरत असेल की लोहार प्रथम चाकाचा घेर मोजून घेई आणि धाव त्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवी. मग गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळात ती लालसर होईपर्यंत तापवीत. तापून ती फुगली की दोघेतिघे चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. वाफेच्या लोटात लोखंड आवळत जाई, पुठ्ठे आरांवर आणि आरे तुंब्यावर घट्ट बसत, आणि सारे चाक एकजीव होई. धाव सैल राहिली तर ती वाटेत निसटे, फार आवळली तर आरे वाकत. अंगठ्याच्या रुंदीचाही फरक न चालविणाऱ्या या लोहाराला कोष्टक ठाऊक नव्हते. पण चाक आणि त्याची धाव ही एकच वस्तू आहे, हे तत्त्व त्याच्या हातात पुरेपूर मुरलेले होते. आज कोष्टके छापील मिळतात, यंत्रे मिळतात, आणि नेमके तेच तत्त्व विस्मरणात जात आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

आता मातीविषयी. विदर्भातील रेगूर, जिला आपण कापसाची काळी माती म्हणतो, ती ज्या सूक्ष्म खनिजकणांची बनलेली आहे ते पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी मऊ होऊन चाकाच्या प्रत्येक खाचेत भरून बसते. अशा मातीत रुंद टायर चांगला की अरुंद, यावर जाणत्यांमध्येही दुमत आहे, आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे आहेत. चिखलाचा थर वीतभर असून खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर थर कापून खालची घट्ट जमीन पकडतो. थर खोल असेल तर तोच टायर खड्डा खणत खणत गाडी आसापर्यंत रुतवितो, आणि रुंद टायर तेथे वर तरंगून निभावून नेतो. पांदण रस्ता वर्षानुवर्षे बैलबंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी दाबलेला असतो, त्यामुळे तेथे बहुधा पहिला प्रकार आढळतो. शेताच्या मध्यात दुसरा.

पण टायर रुंद केला म्हणजे जमिनीला टेकणारे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, ही जी सार्वत्रिक समजूत आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. गाडीचे वजन अखेर टायरमधील हवा पेलते. माणसे व सामान धरून जिम्नीचे वजन १,४०० किलो मानले तर प्रत्येक चाकावर ३५० किलो येतात. टायरमध्ये २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो, इतका दाब असेल तर जमिनीला टेकणारे क्षेत्र ढोबळमानाने १७५ चौरस सेंटिमीटर होते, मग टायर १९५ चा असो वा २३५ चा. रुंदीने त्या क्षेत्राचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. उलट तोच दाब १५ पौंडांवर आणला तर क्षेत्रफळ ३३० च्या घरात जाते. भिंतींच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, परंतु निष्कर्ष ढळत नाही. चिखलात शिरण्यापूर्वी हवा कमी करणे आणि डांबरी रस्त्यावर परत आल्याबरोबर ती भरून घेणे, एवढ्या फुकटच्या उपायाने मूळचा बारीक टायरही जे साधतो, ते पूर्ण दाबाचा रुंद टायर साधू शकत नाही. खिशात दाबमापक आणि गाडीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, ही दोन साधने नव्या टायरांच्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

अरुंद रिमचे समर्थन करणाऱ्यांची बाजू येथेच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दाब कमी केलेल्या टायरला वळणावर बाजूचा धक्का बसला की त्याचा काठ रिमवरून सुटण्याची भीती असते. रिम अरुंद असेल तर भिंती काठांना बाहेरच्या कडेकडे रेटीत राहतात आणि टायर सहसा सुटत नाही. शिवाय बाहेर फुगलेली भिंत दगडाचा मार स्वतः झेलून रिमची कड वाचविते. म्हणून खडकांवरून किंवा वाळूतून मनुष्याच्या चालीने गाडी चालविणारे अनुभवी लोक मान्य मर्यादेतील सर्वांत अरुंद रिम मुद्दाम निवडतात. पण ‘मान्य मर्यादेतील’ हे शब्द त्या युक्तिवादाचा प्राण आहेत; आणि ही मंडळी दिवसाचा बहुतेक काळ ताशी दहा किलोमीटर वेगाने चालत असतात, हेही विसरता कामा नये.

नागपूरच्या गाडीला ती सवलत नाही. उमरेडकडच्या शेतातून चिखल तुडवून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला निघते. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारचे काँक्रीट त्याहूनही तापलेले असते, आणि ते तासन्‌तास टायरला विश्रांती देत नाही. घाट नाही, वस्ती नाही, थांबा नाही. टायर प्रत्येक फेऱ्यात जमिनीशी किंचित दबतो आणि पुन्हा सावरतो, आणि या दबण्या-सावरण्यातच त्याच्या अंगात उष्णता निर्माण होते. अरुंद रिमवर ताणून बसविलेल्या टायरच्या भिंती जेथे वाकू नयेत तेथे अधिक वाकतात. गुट्ट्यांचे जाड रबर ती उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. आणि चिखलासाठी कमी केलेली हवा भरून घ्यायची राहून गेली असेल, तर या तीन कारणांचा योग एकाच ठिकाणी जुळून येतो. टायर फुटल्याच्या घटना या महामार्गावर इतक्या वारंवार कानावर आल्या की परिवहन खात्याने प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासण्याची मोहीम घेतली. त्या तपासणीत झिजलेला टायर नजरेस येतो. अरुंद रिमवर बसलेला कोरा करकरीत टायर मात्र डोळ्यांत भरतो आणि पुढे सोडला जातो.

वळणावर आणखी एक गोष्ट जाणवते. सुकाणू फिरविल्यानंतर रिम वळते, फुगलेल्या भिंती आधी आडव्या झुकतात, आणि मग त्यांच्या मागून टायरचा पृष्ठभाग वळतो. हा विलंब क्षणाचा असला तरी शंभराच्या वेगात आडव्या आलेल्या रानडुकराला किंवा नीलगाईला चुकविताना तो क्षणच महत्त्वाचा ठरतो. व्यासाचाही हिशोब आहे. मूळच्या टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर, नव्याचा ७३३.५, जवळपास सहा टक्के वाढ. त्या मानाने गाडी केवळ २० मिलिमीटर उंच होते, परंतु वेगदर्शकाने ८० सांगितले की खरा वेग ८५ च्या घरात गेलेला असतो. वेगदर्शक मुळात थोडा वाढवूनच सांगतात हे खरे. पण कारखान्याने सावधगिरीसाठी ठेवलेली ती शिल्लक हा टायर खर्ची घालतो. १,४६२ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला प्रत्येक गिअर सहा टक्क्यांनी जड जातो, ब्रेकला अधिक मोठे व जड चाक थांबवावे लागते, आणि मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी जड झाली की त्या दाराच्या बिजागऱ्या कुरकुरू लागतात. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवणारेही आहेत. त्यांनी एवढे ध्यानात धरावे की जिम्नीत पुढच्या व मागच्या आसांमध्ये फरक सामावून घेणारी यंत्रणा नाही. वेगळ्या व्यासाचे एक चाक लावून चारही चाकांची शक्ती कठीण जमिनीवर वापरली तर दंतचक्रांवर ताण येऊन ती आवळतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते; केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा अनधिकृत फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ९५ वा नियम तर खास टायरच्या मापाविषयीच आहे. एमएच-३१, ४० किंवा ४९ यांपैकी कोणत्याही दप्तरात गाडी नोंदलेली असो, लेखी मंजुरीवाचून केलेला बदल हा अपघाताच्या पंचनाम्यात आणि विम्याच्या दाव्यात मालकाच्या विरुद्ध बोलू शकतो. रस्त्यावर कोणी अडवीत नाही, एवढ्यावरून तो बदल कायदेशीर ठरत नाही.

मग करावे काय? ज्याला २३५ चाच टायर हवा असेल त्याने साडेसहा किंवा सात इंचांची रिम घ्यावी, तिचा ऑफसेट मूळच्या रिमशी ताडून पाहावा, कारण चाक फार बाहेर आले तर बेअरिंगवर आणि सुकाणूवर भार वाढतो आणि उडालेला चिखल काचेवर येतो. चाक पूर्ण वळवून ते मडगार्डला घासत नाही याची खातरजमा करावी, आणि आधी परिवहन कार्यालयाचे म्हणणे घ्यावे. हा खर्चाचा मार्ग आहे. २१५/७५ आर १५ हा टायर साडेपाच इंचांच्या रिमवर मर्यादेत बसतो आणि व्यास दीड टक्क्यानेच वाढवितो; परंतु तोही मूळ मापाबाहेरचाच असल्यामुळे विचारणा त्याच्याही बाबतीत करावीच लागते. माझे मत मात्र स्पष्ट आहे. चिखलात पकड देतात त्या खाचा आणि कमी केलेली हवा, रुंदीचा वाटा त्यात गौण आहे. आणि मूळच्या १९५/८० आर १५ मापात खोल खाचांचे, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर मिळतात. रिम तीच, दाखला तोच, वेगदर्शक खरा, आणि पांदणीतून गाडी बाहेर येते. शंभरातील नव्वद शेतकऱ्यांना आणि जंगल पाहणाऱ्यांना याहून अधिक कशाचीही गरज नाही, असे मी निःसंकोच म्हणेन.

वाडीच्या दुकानातील त्या तरुणाने अखेर नवे टायर उतरविले. अर्थात सर्वच ग्राहक असे वागत नाहीत आणि सर्वच मिस्त्री खडू हातात घेत नाहीत; गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून मुकाट्याने टायर चढवून देणारेच अधिक. म्हणून टायरविक्रेत्यांच्या संघटनांना माझी विनंती आहे की दुकानात भावफलकाशेजारी टायरच्या मापांचे आणि मान्य रिमांचे कोष्टक मराठीत लावावे; त्याला एक पुठ्ठा आणि चार खिळे लागतील. आणि वाचकांना एवढेच सांगणे की या दिवाळीत गाडीला नवे टायर घेण्याचा विचार असेल तर पैसे मोजण्यापूर्वी एक चाक उतरवून उलटे करावे, रिमच्या आतल्या बाजूचा आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि तो कागद दुकानदारापुढे ठेवून मगच टायरचा भाव विचारावा.